उचलीचे कैदी

ओहोटी लागली की अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या सुटतात. मुंबईहून आलेली माणसं तिकडे धावतात. त्याच किनाऱ्याला, गावाच्या अंगाला, काळ्या दगडांचा आणखी एक कोट आहे. त्याच्यापुढे फोटोसाठी कुणी थांबत नाही. हा हिराकोट. कान्होजी आंग्र्यांनी तो १७२० मध्ये बांधला, इंग्रजी अमलात तिथे सरकारी खजिना आला आणि आज तिथे रायगड जिल्ह्याचं कारागृह आहे. कोर्ट जवळ, जिल्ह्याच्या कचेऱ्या जवळ.

या कोटात जाणाऱ्या माणसाबरोबर कागद जातो. न्यायालयाचं वॉरंट असल्याशिवाय दार उघडत नाही. गेटवरच्या रजिस्टरात नाव, वय, गाव, कलम लिहिलं जातं. अंगावरच्या वस्तूंची यादी होते, पुढच्या तारखेची नोंद होते. इथले बहुतेक जण कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेले. देशभरातही चार कैद्यांमागे तीन कच्चेच आहेत. त्यांच्याकडून सक्तीने काम करून घेता येत नाही. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याला येरवडा, नाशिक रोड अशा मोठ्या तुरुंगांत काम लागतं, पण १८९४ च्या तुरुंग कायद्यानेसुद्धा त्याच्या कामाला दिवसाला नऊ तासांची हद्द घातली होती. किती दिवस आत राहायचं आणि कधी सुटायचं, हे कागदावर असतं. कच्च्या कैद्याच्या बाबतीत तो कागद वर्षानुवर्षं रखडतो, हे खरं आणि संतापजनक आहे. तरी कागद असतो. वकील तो मागू शकतो, न्यायाधीश त्यावर बोट ठेवू शकतो.

याच जिल्ह्यात दुसरी एक कैद आहे. तिला वॉरंट लागत नाही, कलम लागत नाही. गेट नाही, रजिस्टर नाही. दिवाळी झाली की ती सुरू होते, पावसाच्या तोंडावर तात्पुरती थांबते आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तिथूनच चालू होते. पेण, सुधागड, रोहा, कर्जत, खालापूर या तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांतून टेम्पो भरून जे लोक वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, त्यांच्यातल्या अनेकांची ही कैद आहे. तिची सुरुवात उचलीने, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांनी, होते.

माणूस कोंडून पैसा करणं हा या किनाऱ्यावर जुना व्यवहार आहे. १७१२ च्या अखेरीस आंग्र्यांच्या आरमाराने कारवारकडे निघालेलं इंग्रज कंपनीचं एक जहाज पकडलं. लढाईत कारवारच्या वखारीचा अधिकारी टॉमस चौन मारला गेला आणि त्याची तरुण बायको कुलाब्याला कैदेत आली. पुढच्या वर्षी कंपनीने ३० हजार रुपये खंडणी भरून तिला सोडवलं. आंग्र्यांना दोष द्यायला हे सांगत नाही. त्या काळी समुद्रावर इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी सगळेच हे करत होते. पण त्या व्यवहारात एक गोष्ट स्पष्ट होती: रक्कम ठरली, रक्कम भरली, माणूस सुटला. उचलीच्या कैदेत रक्कम भरत राहायची असते आणि ती वाढत राहते.

खासगी तुरुंग म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे अमेरिका येते. तिथे १९८३ मध्ये टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये तुरुंग चालवणारी कंपनी निघाली, तिचं आजचं नाव कोअरसिव्हिक. दुसरी मोठी कंपनी जीईओ ग्रुप. सरकार दर कैद्यामागे, दर दिवसामागे पैसे मोजतं; खाटा भरलेल्या राहिल्या तर धंदा चालतो. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे त्यांच्या राज्यघटनेतली १८६५ ची तेरावी दुरुस्ती. तिने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला वाट ठेवली. त्या वाटेने दक्षिणेतल्या राज्यांनी कैदी मळेवाल्यांना, खाणवाल्यांना, रेल्वे कंत्राटदारांना भाड्याने दिले. कालचे गुलाम किरकोळ गुन्ह्यांत पकडले जायचे आणि पुन्हा त्याच शेतांवर उभे राहायचे.

आपल्याकडे तुरुंग सरकारचेच आहेत, ते चालवणारी कंपनी नाही. आपल्या घटनेचं कलम २३ माणसांचा व्यापार, वेठ आणि सक्तीची मजुरी यांना मनाई करतं. त्यामुळे हा प्रश्न आपला नव्हे असं वाटू शकतं. मला तसं वाटत नाही. खासगी माणसाने नफ्यासाठी दुसऱ्या माणसाला बांधून ठेवणं याला खासगी कैद म्हणायचं असेल, तर ती मुंबईपासून दोन-अडीच तासांवर आहे, आणि तिच्यातून निघालेल्या विटा अलिबाग-पनवेलच्या भिंतींत बसल्या आहेत.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून कात काढणं हा त्यांचा मूळ व्यवसाय. इंग्रजांच्या काळात जंगल राखीव झालं आणि खैरावर कुऱ्हाड चालवणारा कातकरी आपल्याच रानात चोर ठरला. मग त्याला कोळशाच्या कामावर लावलं गेलं, कारण वाढत्या मुंबईला कोळसा हवा होता. जंगल ठेकेदाराने घ्यायचं, झाडं कातकऱ्याने तोडायची, भट्टी कातकऱ्याने लावायची. अंगातली कला तीच, हात तेच. फक्त मधे ठेकेदार आला आणि त्याची उचल आली.

जमिनीचंही तेच झालं. १९५७ च्या कृषकदिनाला कुळं मालक झाली, पण कुळ म्हणून नाव लागायला कागद लागतो आणि कातकऱ्याचं नाव कागदावर क्वचितच होतं. रायगडात डोंगरउतारावरच्या दळी जमिनी आदिवासींनी पिढ्यान् पिढ्या कसल्या. त्या नावावर व्हाव्यात म्हणून सर्वहारा जन आंदोलनाने, उल्का महाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वर्षानुवर्षं मोर्चे काढले. कित्येक कातकरी वाड्या अजून दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. ज्याच्या जागेत झोपडी, त्याच्याशी भांडायचं कसं? आणि ज्याला पावसाळ्यात गहाण टाकायला गुंठाभर जमीन नाही, त्याला कर्ज कोण देणार? बँक नाही, सोसायटी नाही. भट्टीवाला देतो. श्रावणात घरातलं संपतं. कुणी आजारी पडतं, कुणाचं लग्न निघतं, गणपतीला पोरांना कपडे हवे असतात. शेठ किंवा त्याचा मुकादम वाडीवर येतो आणि पैसे देऊन जातो. तारण म्हणून माणूस स्वतःला ठेवतो. बायकोला ठेवतो, हाताशी आलेल्या पोराला ठेवतो. दिवाळीनंतर टेम्पो लागतो तो हे तारण उचलायला.

कोळशाचं काम ज्याने पाहिलेलं नाही त्याला त्यातले कष्ट कळणार नाहीत. आता कोकणातलं जंगल तोडायला मिळत नाही, म्हणून टोळ्या घाटावर जातात, सोलापूरकडे, मराठवाड्याकडे, पार कर्नाटकात. तिथे पडीक रानात वेडी बाभूळ माजलेली असते. काटे बोटभर लांबीचे आणि विषारी. पायात मोडले की पाय सुजतो. नवरा तोडतो, बायको फांद्या ओढून आणते. ओंडके उभे-आडवे रचून ढीग करायचा, त्यावर पाला आणि गवत अंथरायचं, वर ओल्या मातीचा जाड थर थापायचा, पेटवायला एक तोंड ठेवायचं. आग लागली की खरं काम सुरू होतं. लाकूड जळता कामा नये, आतल्या आत करपलं पाहिजे. मातीला तडा गेला, आत वारा शिरला तर कोळशाची राख होते आणि ते नुकसान मजुराच्या नावावर चढतं. म्हणून दिवस-रात्र भट्टीवर डोळा ठेवायचा. धुराचा रंग पाहायचा. तडा दिसला की बाई टोपलीभर ओली माती घेऊन त्या तापलेल्या ढिगाच्या अंगाशी जाते आणि हाताने भेग बुजवते. काही दिवसांनी भट्टी बसते, मग ती विझवायची, कोळसा ओढायचा, निवडायचा, गोणीत भरायचा. मजुरी गोणीवर असते. भाव कितीचा ते ठेकेदार सांगतो, गोण्या किती झाल्या हेही ठेकेदारच लिहितो.

वीटभट्टीवर हिशेब हजारावर चालतो. कामाला एकटा माणूस घेत नाहीत, जोडी घेतात, नवरा-बायको. पहाटे अंधारात उठून गारा मळायचा, साच्यात भरून वीट पाडायची, उन्हात ओळी लावायच्या, वाळल्या की उलटायच्या. पोरं लहान असली तरी विटा उलटतातच. आठवड्याला खर्ची मिळते, बाजारापुरती: तांदूळ, सुकट, मीठ, तेल. खर्ची वहीत लिहिली जाते. औषधाचे पैसे लिहिले जातात, शिमग्याला घेतलेले लिहिले जातात. शिमगा हा कातकऱ्यांचा मोठा सण, तेव्हा हात मोकळा होतोच. अवकाळी पाऊस आला आणि कच्च्या विटांचा चिखल झाला की ती मजुरी गेली. पावसाच्या तोंडावर शेवटचा हिशेब होतो. शेठ वही उघडतो, बोट फिरवतो, आकडा सांगतो. समोरच्याला वाचता येत नाही. सहा-सात महिने दोन माणसांनी, पोरं धरली तर चौघांनी, राबूनही पूर्ण उचल फिटलेली नसते. उरलेली पुढच्या वर्षावर जाते. पावसाळ्यात चूल पेटायला नवी उचल लागतेच. दोन्हींची बेरीज होते.

वही शेठच्या गल्ल्यात राहते. मजुराकडे चिटोराही नसतो.

या कैदेला भिंत का लागत नाही, असा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकला आहे. पळून का जात नाहीत? शिकलेली माणसंसुद्धा असं विचारतात, तेव्हा वाईट वाटतं. परक्या मुलखात, भाषा न कळणाऱ्या रानात, खिशात एसटीच्या तिकिटापुरते पैसे नसताना, तान्हं पोर काखेत घेऊन कुठे पळायचं? गावी मयत झाली तर एकाला सोडतात, बाकीचे मागे राहतात. मागे राहिलेले हाच जामीन. पळालाच कुणी तर मुकादम वाडी जाणतो, भाऊबंद जाणतो. आणि या सगळ्याच्या वर माणसाच्या मनातली गोष्ट आहे, ती मला सगळ्यांत जास्त बोचते: घेतलेले पैसे फेडले पाहिजेत असं कातकऱ्याला मनापासून वाटतं. ज्याचा हिशेब खोटा आहे त्याच्याशीही तो खरा वागायला जातो.

कायदा याबाबतीत अगदी स्वच्छ आहे. आणीबाणीच्या काळात २५ ऑक्टोबर १९७५ पासून वेठबिगारी संपली असं जाहीर झालं आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. आणीबाणीचं समर्थन मी कधी करणार नाही, पण हा कायदा चांगला आहे. उचल घेतल्यामुळे ज्याला किमान वेतनापेक्षा कमी मिळतं, किंवा दुसरीकडे काम धरता येत नाही, किंवा हवं तिथे जाता येत नाही, किंवा आपले श्रम बाजारभावाने विकता येत नाहीत, तो वेठबिगार. यातली एक गोष्ट असली तरी पुरे. त्याचं कर्ज कायद्यानेच रद्द झालेलं आहे. ते वसूल करणं हाच गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि कलम १५ सांगतं की मजूर म्हणाला हे वेठबिगारीचं कर्ज आहे, तर ते तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकाराची. मजुराने पुरावा आणायचा नाही. ज्यांच्याकडे चिटोराही नसतो त्यांच्यासाठीच हे कलम लिहिलं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली. दिल्लीच्या आशियाई स्पर्धांची बांधकामं चालू होती, त्या मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला माणूस तयार होतो तो भुकेच्या सक्तीने, आणि भुकेची सक्ती ही कलम २३ मधली सक्तीच आहे. पुढे बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की सक्तीची मजुरी दिसली की तिच्या मागे उचल आहे असंच धरून चालायचं; नसेल तर मालकाने दाखवावं.

मग अडतं कुठे? अडतं तहसील कचेरीत. जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार यांच्यावर हा कायदा राबवण्याची जबाबदारी आहे. जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या असायला हव्यात. पण मजूर तक्रार घेऊन आला की तिचा बहुतेक वेळा मजुरीचा वाद होतो. मालकाला बोलावतात, थोडे पैसे देववतात, तडजोड लिहून घेतात, टेम्पोचं भाडं देऊन माणसं वाडीवर सोडतात. सगळ्यांनाच बरं वाटतं. फक्त मुक्तीचा दाखला निघत नाही. दाखला नाही म्हणजे वेठबिगारी नव्हती, कर्ज रद्द झालेलं नाही, पुनर्वसन नाही. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत मुक्त झालेल्या पुरुषाला एक लाख, बाईला आणि मुलाला दोन लाख, अतिशय वाईट छळ झाला असेल तर तीन लाख रुपये मिळतात. तातडीची मदत २० हजारांची होती, आता ती ३० हजारांपर्यंत आहे. पण पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा झाल्याशी जोडलेली आहे. खटला दहा वर्षं चालला तर सुटलेल्या माणसाने दहा वर्षं काय खायचं? तो पुढच्या श्रावणात पुन्हा उचल घेतो. कधीकधी त्याच मालकाकडून.

आता तुरुंगाकडे पुन्हा वळू, कारण तिथली मजुरी हा स्वतंत्र अन्याय आहे आणि त्याची नीट बाजू मांडली पाहिजे. महाराष्ट्राच्या तुरुंगांत ऑगस्ट २०२३ मध्ये मजुरीचे दर वाढले: कुशल कैद्याला दिवसाला ६७ चे ७४ रुपये, अर्धकुशलाला ६१ चे ६७, अकुशलाला ४८ चे ५३ आणि खुल्या वसाहतीत ८५ चे ९४. त्याच वर्षी राज्यात रोजगार हमीचा दर होता २७३ रुपये. म्हणजे तुरुंगात टेबल-खुर्च्या घडवणाऱ्या सुताराला बाहेर खड्डा खणणाऱ्याच्या पावपटीहून थोडंसंच जास्त. १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सक्तमजुरी घटनेत बसते, पण कैद्याला न्याय्य मजुरी दिली पाहिजे. त्याच्या जेवणाखाण्याचा, कपड्यांचा खर्च कापा, एक भाग गुन्ह्यात ज्याचं नुकसान झालं त्याच्यासाठी काढा, पण आधी मजुरी नीट ठरवा. इतक्या वर्षांनंतर ५३ रुपये हे नीट ठरवणं म्हणायचं का? मला ते पटत नाही. कोणतं काम कुणाला द्यायचं यातही जात होती. पत्रकार सुकन्या शांता यांनी ते खणून काढलं, न्यायालयात नेलं, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने स्वयंपाक वरच्या जातींना आणि झाडू-संडास खालच्या जातींना देणारे तुरुंगांचे नियम रद्द केले. स्वातंत्र्याला ७७ वर्षं झाल्यावर.

याच महाराष्ट्राने कैद्याच्या श्रमाची वेगळी वाटही दाखवली होती. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि औंधचे राजे भवानराव यांच्या मनातली ती वसाहत: शिक्षा झालेल्या माणसांनी भिंतीशिवाय, कुटुंबासह राहावं, जमीन कसावी आणि पिकवलेलं खावं. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ तिच्यावरूनच सुचला. ती वसाहत आजही आहे.

मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावते ती मात्र अलीकडची एक योजना. २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यातल्या कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ नावाचं कर्ज सुरू केलं. पन्नास हजारांपर्यंत, सात टक्के व्याजाने. मुलीची फी, आईचं औषधपाणी, वकिलाचे पैसे अशा कामांसाठी. तारण नाही. कैद्याची तुरुंगातली मजुरी, त्याची शिल्लक शिक्षा, त्याची वागणूक पाहून बँक रक्कम ठरवते आणि हप्ता मजुरीतून कापून घेते. योजना चांगली आहे. घरचा कर्ता तुरुंगात गेला म्हणून त्याच्या पोरीची शाळा सुटू नये, यात कुणी वावगं म्हणू नये.

पण शेजारी कोळसाभट्टी ठेवून बघा. दोन्हीकडे आगाऊ पैसे आहेत, दोन्हीकडे ते श्रमातून फिटायचे आहेत. कैद्याला व्याजाचा दर ठाऊक आहे, हप्ता ठाऊक आहे, मजुरी सरकारने ठरवलेली आहे, पासबुक आहे, आणि कर्ज फिटो न फिटो, शिक्षा संपली की दार उघडतं; कर्जासाठी त्याला एक दिवसही जास्त आत ठेवता येत नाही. कातकऱ्याला दर ठाऊक नाही, मजुरी शेठ ठरवतो, वही शेठची, आणि कर्ज फिटल्याशिवाय दार नाही. खून करून शिक्षा भोगणाऱ्या माणसाला सहकारी बँक विश्वासाने कर्ज देते आणि आयुष्यात कुणाची काडी न चोरलेल्या कातकऱ्याला श्रावणात पाच हजार द्यायला या राज्यात एकही बँक उभी राहत नाही. तो शेठकडे जातो, कारण आपण त्याच्यासाठी दुसरं दार ठेवलेलंच नाही.

श्रमिकाला कर्जाने बांधायची ही रीत नवी नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासी भागांची पाहणी केली तेव्हा ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या शे-दोनशे रुपयांपायी सावकाराच्या घरी नवरा-बायको वर्षानुवर्षं राबताना त्याला दिसले. लग्नगडी म्हणायचे त्यांना. १९४५ ला गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर वारली उठले ते याच वेठीविरुद्ध. पुढे १९८२ मध्ये विवेक पंडित यांनी वसईकडे श्रमजीवी संघटना सुरू केली तीही वेठबिगार सोडवण्यातूनच. विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची बुटकी झोपडी. पेणला अंकुर ट्रस्टने, डॉ. वैशाली पाटील यांनी, कातकऱ्यांच्या वेठबिगारीवर काम केलं. एवढं होऊनही २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीकडची कातकरी मुलं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं, तेही एका मुलीचा जीव गेल्यावर.

रायगडाला मात्र एक आठवण करून दिली पाहिजे. अलिबागजवळ चरी नावाचं गाव आहे. गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जाचाला कंटाळून २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथे शेतकऱ्यांची सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली २५ गावांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. शेतं ओस पडली. जंगलातली लाकडं विकून, मिळेल ती मजुरी करून, अर्धपोटी राहून लोकांनी सहा वर्षं काढली. जगात इतका लांब शेतकरी संप शोधावा लागेल. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला आले. १९३७ मध्ये त्यांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ ला कुळकायदा आला. या जिल्ह्याने सावकाराच्या वहीपुढे एकदा मान वर केली होती आणि देशाच्या कायद्याला वळण दिलं होतं.

त्या कुळांची नातवंडं आज जमिनीची मालक आहेत. काहींनी जमिनी विकल्या, काहींनी बंगले बांधले आणि काहींनी भट्ट्या लावल्या. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिलं पाहिजे. भट्टीवाला नेहमीच कुणी परका गुजराती-मारवाडी शेठ नसतो. तो आपल्यातला असतो, कुळाच्या घरातला, ज्याच्या आजोबाने चरीच्या संपात उपास काढले. तो क्रूर असतो असंही नाही. पावसाने विटा गेल्या की तोही बुडतो, बिल्डर त्यालाही उधारीवर ठेवतो. आता फ्लाय अ‍ॅशच्या विटा आणि हलके ब्लॉक आल्यापासून त्याचा धंदाही आखडला आहे. पण वरून आलेला तोटा तो खाली ढकलू शकतो, आणि सगळ्यांत खाली जो आहे त्याला ढकलायला कुणी नाही.

मालकाला विचारलं तर तो म्हणतो, मी वेळेला पैसे दिले, दुसरं कोण देतं? या प्रश्नाचं उत्तर सरकारने द्यायचं आहे आणि ते अवघड नाही. पावसाळ्यापूर्वी वाडीवर खावटी, म्हणजे खाण्यापुरती मदत, पोहोचवता येते. महाराष्ट्रात ही योजना होती, तिचं सातत्य टिकलं नाही. रोजगार हमीचं काम नोव्हेंबरपासून वाडीजवळ काढता येतं आणि मजुरी आठवड्यात देता येते. उशिरा मिळालेली मजुरी कातकऱ्याला न मिळाल्यासारखीच, कारण त्याच्याकडे वाट पाहण्याइतके तांदूळ नसतात. नोव्हेंबर २०२३ पासून आदिम जमातींसाठी केंद्राची पीएम-जनमन योजना आहे, घरं मंजूर होत आहेत. ती बांधून होतील आणि दिवाळीनंतर सात महिने कुलूपबंद राहतील, जर घराबरोबर हातात काम आणि गाठीला उसनवारीची सोय आली नाही. ‘जिव्हाळा’ ज्या विश्वासाने येरवड्यात गेली, त्याच विश्वासाने ती एखाद्या बचत गटाच्या हाताने कातकरी वाडीत का जाऊ नये? त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि तोवर जे टेम्पो निघणार आहेत त्यांची नोंद तरी झाली पाहिजे. ग्रामपंचायतीत एक वही: कोण, कुठल्या भट्टीवर, कुणाकडे, किती उचल घेऊन, कोणकोणत्या मुलांसह. मजुराला त्याची प्रत. तलाठी आणि ग्रामसेवक एका दिवसात एक वाडी लिहून काढतील. मे महिन्यात परत येणाऱ्यांकडून विचारून घ्यायचं, किती राबलात, किती मिळाले. जिथे बेरीज जुळणार नाही तिथे तडजोड नको, कलम १५ प्रमाणे मालकाला प्रांत कचेरीत त्याची वही घेऊन बोलवायचं आणि हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे त्याने सिद्ध करायचं. सिद्ध झालं नाही तर त्याच दिवशी दाखला द्यायचा. हा अधिकार प्रांतांना १९७६ पासून आहे. दर वर्षी दिवाळी येते तेव्हा वाड्यांवर उचल वाटून झालेली असते, आणि टेम्पो लागायला थोडेच दिवस उरलेले असतात.